कार्ड नवं, प्रोसेसर जुना : पैसे नेमके घालायचे कुठे?

दिवाळीत अकोल्याला आत्याकडे गेले होते. फराळाच्या ताटाआधी आतेभावानं मला त्याच्या खोलीत नेलं आणि पीसीचं झाकण उघडून दाखवलं. आत नवंकोरं आरटीएक्स ५०६० कार्ड होतं. वर्षभर दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन पैसे जमवले होते, कमी पडले ते आत्यानं टाकले. बाकी मशीन मात्र मोठ्या भावाकडून आलेलं, २०१७ सालचं. सातव्या पिढीचा आय५, चार कोर.

"मग, कसं चालतंय?" मी विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. "काय सांगू तुले! व्हॅलोरंट पहिले एकशे तीस एफपीएसवर चाले, आता एकशे चाळीसवर चालते. तीस हजार कायले घातले मंग म्या?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. अमरावतीला परत आल्यावर वर्गात, होस्टेलवर विचारून पाहिलं, तर जवळपास प्रत्येकाकडे अशीच एक गोष्ट निघाली. कुणाचं कार्ड मोठं आणि प्रोसेसर म्हातारा, कुणाचं नेमकं उलटं. म्हणून हा लेख. गेमिंग हा श्रीमंतांचा शौक आहे असं समजून पान उलटू नका. व्हिडिओ एडिटिंग, ब्लेंडर, मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट यांतलं काहीही करत असाल, तर हा हिशोब तुमचाही आहे.

आत्ताच का?

जुन्या पीसीचा प्रश्न दरवर्षीचाच. पण गेल्या काही महिन्यांत तीन गोष्टी एकदम अंगावर आल्या.

पहिली : १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. ज्यादा सुरक्षा अपडेटची सोय केली, तीही घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ अधिकृतपणे हवं तर टीपीएम २.० लागतं आणि प्रोसेसर साधारण इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेचा तरी लागतो. म्हणजे आतेभावाचा सातव्या पिढीचा आय५ एका पायरीनं हुकला. पहिल्या पिढीचा रायझन ५ १६०० सुद्धा बाहेर.

दुसरी : त्याच ऑक्टोबरात एनव्हिडियानं मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणं थांबवलं. यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षेचे अपडेट. ही कार्डं कोणती? जीटीएक्स ७५० टीआय, ९७०, १०५० टीआय, १०६०. तुमच्या-माझ्या ओळखीतल्या निम्म्या पीसींत हीच असतील. ती उद्या बंद पडणार नाहीत, पण नवीन गेम नीट चालेल याची हमी आता कुणी घेणार नाही.

तिसरी आणि सगळ्यात महागडी : रॅम. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. कारण एआय. जगातली बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआय डेटा सेंटरच्या चिपांना लागणारी खास मेमरी जास्त नफ्याची, त्यामुळे कारखान्यांची क्षमता तिकडे वळली. ३ डिसेंबर २०२५ ला तर मायक्रॉननं 'क्रुशल' या नावानं सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

आता तिन्ही जोडून पाहा. जुनं मशीन बदला, असं सॉफ्टवेअर सांगतंय. पण नवीन मशीन म्हणजे नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर आणि बहुतेक वेळा नवी डीडीआर५ रॅम. ती रॅमच आवाक्याबाहेर चालली. मग मधला मार्ग म्हणून पोरं काय करतात? आहे त्या मशीनमध्ये नवं कार्ड टाकतात. आणि इथंच फसतात.

तीस हजार म्हणजे किती?

आरटीएक्स ५०६० ची अमेरिकेतली जाहीर किंमत २९९ डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरा, २६,९१० रुपये झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी लावा, ३१,७५० च्या पुढे गेलात. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही आणि मॉनिटर २८ वरून १८ टक्क्यांवर आले. ग्राफिक्स कार्ड आधीही १८ टक्क्यांतच होतं आणि आताही तिथंच आहे. त्यामुळे "जीएसटी कमी झाला, आता कार्ड स्वस्त" असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या.

आपल्या भाषेत सांगायचं तर लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. चार क्विंटलचे झाले ३२,४४०. म्हणजे एक कार्ड बरोबर चार क्विंटल कापूस, तोही हमीभाव हातात पडला तर. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरचा पैसा त्याच कापसातून, सोयाबीनमधून येतो. म्हणून "टाकून तर पाहू" हे वाक्य आपल्याला परवडत नाही.

जिनिंगचं गणित

प्रोसेसर आणि कार्डाचं नातं वऱ्हाडातल्या माणसाला समजवायला जिनिंगपेक्षा सोपं उदाहरण नाही. जिनिंगमध्ये कितीही मोठं मशीन आणा. गेटवर कापसाच्या गाड्याच कमी येत असतील तर ते मशीन रिकामंच फिरणार. प्रोसेसर म्हणजे त्या गाड्या. गेममध्ये कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, कोणती वस्तू दिसायला हवी, हे सगळं ठरवून तो प्रत्येक फ्रेमचा माल कार्डाच्या दारात टाकतो. कार्ड त्याचं चित्र करतं.

आता आकडे घालू. समजा, एका गेममध्ये तुमचा प्रोसेसर एक फ्रेम तयार करायला १० मिलिसेकंद घेतो आणि जुनं कार्ड ती रंगवायला २० मिलिसेकंद घेतं. दोघं एकाच वेळी काम करत असतात, त्यामुळे वेग ठरतो हळू असलेल्यावरून. २० मिलिसेकंदाला एक फ्रेम, म्हणजे सेकंदाला ५०. तुम्ही नवं कार्ड घातलं, ते ६ मिलिसेकंदांतच काम उरकतं. तुम्हाला वाटतं, आता १६६ एफपीएस मिळणार. पण प्रोसेसर अजूनही १० मिलिसेकंदच घेतोय. मिळणार १००. वरचे ६६ तुम्ही विकत घेतले, पण ते घरी आलेच नाहीत.

आतेभावाचं हेच झालं. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असे गेम कार्डावर फारसा बोजा टाकतच नाहीत. त्यांचा वेग मुख्यतः प्रोसेसरवर ठरतो. त्याचं जुनं १०५० टीआय तिथं पुरेसंच होतं. उलट भारी ग्राफिक्सचा, एकट्यानं खेळायचा गेम लावला असता तर त्याला फरक डोळ्यानं दिसला असता. म्हणून "हे कार्ड या प्रोसेसरला चालेल का?" हा प्रश्नच अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न असा : कोणत्या गेमसाठी, कोणत्या रिझोल्यूशनवर आणि कोणत्या मॉनिटरवर?

मॉनिटरचं तर आपण विसरूनच जातो. मॉनिटर ६० किंवा ७५ हर्ट्झचा असेल तर त्याच्या वरचे बहुतेक फ्रेम तुम्हाला दिसतच नाहीत. रिझोल्यूशन वाढलं की बोजा कार्डावर येतो, प्रोसेसरचं काम जवळजवळ तेवढंच राहतं. म्हणजे १०८०पी वर जी जोडी विजोड वाटते, ती १४४०पी वर बरी वाटू शकते. म्हणूनच नुसती दोन नावं टाकून "इतके टक्के बॉटलनेक" सांगणारे ऑनलाइन कॅल्क्युलेटर मनावर घेऊ नका.

इंटेलच्या बी५८० चा धडा

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलनं आर्क बी५८० हे कार्ड आणलं. २४९ डॉलर, १२ जीबी मेमरी. परीक्षकांनी डोक्यावर घेतलं. जुन्या पीसीवाल्यांसाठी वरदान, असं वातावरण झालं. जानेवारी २०२५ मध्ये काही परीक्षकांनी तेच कार्ड महागड्या नव्या प्रोसेसरऐवजी रायझन ५ २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर लावून पाहिलं, आणि चित्र पालटलं. काही गेममध्ये ते इतकं घसरलं की ज्या आरटीएक्स ४०६० ला ते मागे टाकत होतं, त्याच्याच मागे पडलं.

कारण होतं ड्रायव्हर. कार्ड चालवण्यासाठी ड्रायव्हर प्रोसेसरकडूनही काम करून घेतो, आणि इंटेलचा ड्रायव्हर जरा जास्तच काम मागत होता. नव्या प्रोसेसरला ते जाणवत नव्हतं, जुन्याची दमछाक होत होती. शिवाय या कार्डांना 'रिसायझेबल बार' ही सोय लागते, जी जुन्या बोर्डांवर अनेकदा नसते. नंतरच्या ड्रायव्हरांनी काही गेममध्ये परिस्थिती सुधारली. पण धडा कायमचा आहे : यूट्यूबवर दिसणारी कार्डाची चाचणी बहुतेक वेळा सगळ्यात वेगवान प्रोसेसरवर केलेली असते. तिथं परीक्षा कार्डाची असते, तुमच्या पीसीची नाही. तुमच्याच प्रोसेसरवर केलेली चाचणी शोधा.

खर्चाआधी अर्ध्या तासाची परीक्षा

एक रुपया न लागता तुम्ही स्वतः तपासू शकता.

एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर टाका. गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात जीपीयूचा वापर, तापमान आणि एफपीएस दिसेल असं लावा. गेममधलं व्ही-सिंक आणि फ्रेमची मर्यादा बंद करा. आता तुम्ही खरोखर खेळता तोच गेम वीस मिनिटं खेळा.

जीपीयूचा वापर ९५ ते ९९ टक्के असेल तर अडकलंय ते कार्ड. नवं कार्ड घेतलं तर फायदा होईल. वापर ५०-६० टक्क्यांवरच असेल आणि तरीही एफपीएस कमी असतील, तर बहुतेक प्रोसेसर किंवा रॅम अडकलीय. खात्री करायची तर रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा. एफपीएस वाढले नाहीत? मग कार्डाचा दोष नाही.

एक चकवा लक्षात ठेवा. "माझा सीपीयू तर ४० टक्केच वापरात आहे" असं अनेक जण सांगतात. तो आकडा सगळ्या कोरांची सरासरी असतो. एक कोर पूर्ण पिळला जात असेल आणि बाकीचे मोकळे बसले असतील, तरी सरासरी कमीच दिसते. घरात एकटी आईच राबतेय आणि सरासरी काढून "सगळे आरामात आहेत" म्हणण्यासारखं आहे हे.

रॅमही बघा. एकच पट्टी लावलेली असेल तर प्रोसेसरला अर्ध्याच रस्त्यानं माल मिळतो. दोन पट्ट्या असल्या की बऱ्याच गेममध्ये चांगला फरक पडतो. रॅम महाग असली तरी मित्राकडची जुळणारी जुनी डीडीआर४ पट्टी एका दिवसासाठी लावून पाहायला पैसे लागत नाहीत.

मग जोडी कशी जमवायची?

पत्रिका जुळवण्याइतकं अवघड नाही. १०८०पी वर खेळणाऱ्यांसाठी माझा ढोबळ हिशोब असा.

इंटेलच्या चौथ्या ते सातव्या पिढीचा चार कोरांचा आय५ असेल तर मोठा खर्च करूच नका. फार तर वापरलेलं जीटीएक्स १६५० सुपर किंवा ७० वॅटवर चालणारं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल. कंपन्यांतून निघालेले जुने डेस्कटॉप घेतलेल्यांना हे दुसरं सोयीचं, कारण त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही. पण घेण्याआधी कॅबिनेटची उंची मोजा.

रायझन ५ २६०० किंवा आय५-८४००, ९४००एफ असेल तर आरएक्स ६६००, आरटीएक्स ३०६० किंवा ४०६० इथंच थांबा. रायझन ५ ३६०० किंवा आय५-१०४००एफ असेल तर आरटीएक्स ५०६० किंवा आरएक्स ९०६० एक्सटी पर्यंत जायला हरकत नाही.

इथं स्लॉटचं एक बारीक कलम आहे. आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६० आणि ५०६० या कार्डांना आठच लेन आहेत, सोळा नाहीत. नव्या बोर्डावर काही बिघडत नाही. पीसीआयई ३.० च्या बोर्डावर थोडा वेग जातो. पण कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की माल त्याच अरुंद रस्त्यानं ये-जा करतो आणि गेम झटके देतो. आरएक्स ६५०० एक्सटी ला तर चारच लेन. जुन्या बोर्डावर ते घेऊच नका.

आणि बहुतेक जण विसरतात तो तिसरा पर्याय : कार्ड न बदलता प्रोसेसर बदलणं. तुमच्याकडे एएमडीचा एएम४ बोर्ड असेल, समजा बी४५०, तर त्याच बोर्डावर, त्याच डीडीआर४ रॅमवर रायझन ५ ५६०० बसतो. २०१६ मध्ये आलेलं हे सॉकेट, आणि २०२२ चा प्रोसेसर त्यावर चालतो. रॅमचे भाव असे असताना हा आजचा सगळ्यात शहाणा खर्च असू शकतो, शिवाय विंडोज ११ चा प्रश्नही सुटतो. मात्र आधी बीआयओएस अपडेट करावं लागतं. आणि ते चालू असताना लाइट गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो. त्यामुळे यूपीएसशिवाय या वाटेला जाऊ नका. वऱ्हाडात राहून हे वेगळं सांगायला नको!

इंटेलवाल्यांना ही सोय कमी, कारण तिथं सॉकेट लवकर बदलतं. पण आय३-८१०० असलेल्याला त्याच बोर्डावर वापरलेला सहा कोरांचा आय५ बसवता येतो.

आपला मे महिना विसरू नका

पुण्या-बंगळुरूच्या एसी खोलीत केलेल्या चाचण्या आपल्याकडे जशाच्या तशा लागू होत नाहीत. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि अकोला जिल्हा प्रशासनाला उन्हामुळे कलम १४४ लावावं लागलं होतं. आठवतंय ना?

कार्ड खोलीतल्या हवेपेक्षा किती तापतं यावर सगळं ठरतं. २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारं कार्ड ४२ अंशांच्या खोलीत ८७ च्या आसपास जाऊ पाहतं. तिथं ते स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. मग तुम्ही घेतलेलं मोठं कार्ड मे महिन्यात लहान कार्डासारखं चालतं. म्हणून कमी वॅटचं कार्ड आपल्याकडे जास्त शहाणपणाचं. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, ३०६० ला १७०. कॅबिनेटला पुढून हवा घेणारे दोन पंखे लावा, प्रोसेसरची वाळलेली थर्मल पेस्ट बदला. आणि कूलरची ओली हवा थेट पीसीवर सोडू नका. धूळ आणि दमट हवा मिळून आत चिखलाचा थर बसतो.

कॅबिनेटसोबत "फुकट" आलेल्या एसएमपीएसवर तीस हजारांचं कार्ड टांगणं म्हणजे आगीशी खेळ. चांगल्या कंपनीचं, ८० प्लस प्रमाणपत्राचं एसएमपीएस आधी, कार्ड नंतर. वापरलेलं कार्ड घेत असाल तर अर्धा तास गेम चालवून दाखवायला सांगा, बिलावरचा सिरियल नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळवा आणि वॉरंटीसाठी कार्ड कुठल्या शहरात पाठवावं लागतं ते विचारा.

शेवटी हिशोब आपलाच

एआयच्या शर्यतीत डेटा सेंटरवाले लागेल तो भाव देतील, कंपन्या त्यांनाच आधी माल देतील. आपण त्या रांगेत शेवटी आहोत. जीटीए ६ ची तारीख १९ नोव्हेंबर २०२६ अशी जाहीर झालीय, पण ती प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्ससाठी. पीसीची तारीख अजून नाहीच. म्हणजे "जीटीए ६ साठी आत्ताच कार्ड घेऊन ठेवतो" या वाक्यालाही सध्या अर्थ नाही.

आतेभावाचं पुढं काय झालं? त्यानं कार्ड विकलं नाही. आम्ही फोनवर बसून परीक्षा केली तेव्हा व्हॅलोरंटमध्ये त्याच्या कार्डाचा वापर ४० टक्क्यांच्याही खालीच दिसला. आता तो वापरलेला बी४५० बोर्ड आणि रायझन ५ ५६०० शोधतोय, कारण त्याची जुनी डीडीआर४ रॅम त्यावर चालेल. परवा म्हणाला, "ताई, हे पहिले पाह्यलं असतं तर प्रोसेसरच घेतला असता न म्या. आईचे पैसे वाचले असते."

त्याचं चुकलं ते कार्ड घेणं नव्हे. मोजण्याआधी घेतलं, हे चुकलं. तुमच्या मशीनमध्ये नेमकं काय अडकलंय हे दुकानदार सांगू शकत नाही, यूट्यूबर सांगू शकत नाही. तुमचाच पीसी सांगेल, अर्ध्या तासात. आज रात्री विचारून बघा.